मूत्रवह संस्थेचे परीक्षण : उपस्थात्याच्या शिक्षणाचा प्रश्न

मागील उन्हाळ्यात आमच्या खराडी येथील छोट्या रुग्णालयात घडलेल्या एका प्रसंगाने या लेखास कारण दिले. प्रसंगात चूक आमची आहे, हे आरंभीच नमूद करतो. सत्तरी ओलांडलेले, मूळचे खराडी गावचेच एक शेतकरी गृहस्थ ओटीपोटातील अस्वस्थतेसाठी दाखल झाले. परिचर्येचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी त्या काळात आमच्याकडे अनुभवासाठी येत असे. तिने विचारले, "आजोबा, लघवी होते का?" ते म्हणाले, "होते की. सारखीच होते, थेंब थेंब." तिने तक्त्यावर नोंद केली, 'लघवी होत आहे.' ती नोंद आम्ही वाचली, आमचे समाधान झाले आणि गोक्षुर-पुनर्नवेचा काढा सुरू केला.

रात्री पाळीवर आलेल्या अनुभवी सिस्टरांनी रुग्णाचे पांघरूण बाजूला केले, जघनास्थीच्या वर तळहात ठेवला आणि बोटाने हलकेच ठोकून पाहिले. नाभीपर्यंत बद्द आवाज येत होता. त्यांनी आम्हांस बोलावून एवढेच सांगितले, "डॉक्टर, लघवी होत नाहीये, तुंबलीय. हे थेंब वरून सांडतायत." रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे नळी घातल्यावर एक लिटरहून अधिक मूत्र निघाले. अष्ठीला ग्रंथीच्या वृद्धीने मार्ग अडला होता, आणि अडलेल्या मार्गामागे आम्ही मूत्रल द्रव्ये देऊन भर घालत होतो.

गृहस्थ सुखरूप घरी गेले. आमच्या मनातील प्रश्न मात्र गेला नाही. त्या विद्यार्थिनीस दुसऱ्या दिवशी आम्ही मूत्रवह संस्थेची रचना विचारली. वृक्क, गविनी, बस्ती, मूत्रप्रसेक हे सारे तिने इंग्रजी संज्ञांसह बिनचूक सांगितले. मूत्रपिंडातील सूक्ष्म एककांची संख्याही तिला पाठ होती. परंतु भरलेली बस्ती हाताला कशी लागते, हे तिला कोणी दाखविले नव्हते. 'थेंब थेंब होते' हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हेही कोणी शिकविले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर दीर्घकाळ व्यवसाय करणाऱ्या आम्हीही तो प्रश्न विचारला नव्हता.

संहितेतील चौथा पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. उपस्थात्याचे गुणही चारच सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. या क्रमात ज्ञानाला पहिले स्थान आहे, ही गोष्ट आपण वैद्य सोयीस्करपणे विसरतो. आपल्यापैकी किती जणांच्या दवाखान्यात 'सिस्टर' म्हणून वावरणारी मुलगी प्रत्यक्षात कोणतेही औपचारिक शिक्षण न घेतलेली असते? तिने सुई द्यावी, पट्टी बांधावी, बस्तीची तयारी करावी, आणि वेळ पडल्यास रुग्णाची विचारपूसही करावी, अशी आपली अपेक्षा असते. वैद्य हा चौघांत प्रधान खरा, परंतु प्रधानाने उरलेल्या तिघांची उपेक्षा करावी, असा त्याचा अर्थ नाही.

मूत्रवह संस्थेच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महागात पडते, कारण रुग्णाच्या मूत्राशी दिवसभर संबंध येतो तो परिचारिकेचा. वैद्य सकाळ-सायंकाळ फेरी मारतो. भांडे कोण रिकामे करते, अंथरूण ओले झालेले कोणास प्रथम दिसते, मूत्राचा रंग पालटल्याचे कोणाच्या ध्यानी येते? हृदय, शिर आणि बस्ती ही तीन मर्मे प्रधान मानणाऱ्या शास्त्राने यांपैकी एका मर्माचा पहारा जिच्या हाती आहे तिच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करावे, हे आम्हांस अनुचित वाटते.

रचना शिकवावी ती कशी

रचनाशारीर भिंतीवरील तक्त्यावरून शिकविले की नावे पाठ होतात, शरीर मात्र अनोळखी राहते. प्रत्येक अवयवाबरोबर 'याचा रुग्णाच्या खाटेजवळ उपयोग काय?' हा प्रश्न जोडला पाहिजे. मूत्रपिंडे उदरगुहेच्या मागील भिंतीशी, पर्युदराच्या मागे, सामान्यतः पाठीच्या बाराव्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटीमीटर, आणि यकृतामुळे उजवे डाव्यापेक्षा किंचित खाली. म्हणूनच मूत्रपिंडाची वेदना पाठीत, शेवटची बरगडी आणि मणका यांच्या कोनात शोधावयाची असते. गविनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असून तीन ठिकाणी निमुळती होते : मूत्रपिंडातून निघताना, श्रोणीच्या कडेवर मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि बस्तीत शिरताना. मूतखडा प्रायः याच तीन जागी अडतो आणि कळ कमरेकडून जांघेकडे उतरते.

स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटीमीटर, पुरुषाचा १८ ते २० सेंटीमीटर. एवढ्या एका फरकातून दोन गोष्टी उलगडतात : स्त्रियांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार का होतो, आणि पुरुषास नळी घालताना दुखापतीचा धोका अधिक का असतो. नळीतून मूत्र वाहू लागल्याखेरीज तिचा फुगा फुगवू नये, हा नियम या रचनेतूनच निघतो. तो फुगा मूत्रमार्गात फुगला तर मार्ग फाटतो. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून अवघे दीड लिटरच्या आसपास मूत्र शरीराबाहेर पडते, हे कळले म्हणजे मूत्राचे माप का घ्यावयाचे, हेही कळते.

येथे आपल्या संहितांचा आधार घेताना प्रामाणिकपणा हवा. सुश्रुताचार्यांनी बस्तीची तुलना दुध्या भोपळ्याशी केली, तिला एकच द्वार असून ते अधोमुख असल्याचे सांगितले. अश्मरीच्या शस्त्रकर्मात स्त्रियांविषयी त्यांनी दिलेला इशारा तर आजही विस्मय वाटावा असा आहे : गर्भाशय बस्तीला लागूनच असल्याने शस्त्राची दिशा चुकली तर मूत्र स्रवणारा व्रण मागे राहतो. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून हे लिहिता येत नाही. परंतु मूत्राची उत्पत्ती वृक्कात होते, असे मात्र संहितांत सांगितलेले नाही. चरकाने वृक्कांना मेदोवह स्रोतसांचे मूल म्हटले. सुश्रुताने नवा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडविला असता बाजूंनी पाझरून भरतो, तशी बस्ती सूक्ष्म नाड्यांतून भरते, असे सांगितले. दृष्टान्त सुंदर आहे. पण त्यात ओढूनताणून आधुनिक गाळणक्रिया वाचणे म्हणजे विद्यार्थ्यांची दिशाभूल होय. ज्या सुश्रुताने शास्त्र आणि प्रत्यक्ष दोन्हींनी ज्ञान वाढते असे मानून शवाचे निरीक्षण सांगितले, त्याच्या अनुयायांनी प्रत्यक्षाला नाकारू नये. तैलबिंदु-परीक्षेबद्दलही आमचे हेच म्हणणे आहे : तिचा अभ्यास जरूर व्हावा, परंतु साखर व प्रथिने मोजण्याचे काम ती करू शकत नाही, ते साध्या पट्टीनेच करावे.

विचारणे, मोजणे, पाहणे, स्पर्श

परीक्षणाचा हा क्रम विद्यार्थिनींच्या हाडीमासी मुरला पाहिजे. आरंभ प्रश्नाने होतो, आणि येथेच मोठी अडचण आहे. शिक्षण इंग्रजीत होते, रुग्ण मराठीत बोलतो. तोही पुस्तकी मराठीत नव्हे. 'उन्हाळी लागली' म्हणजे जळजळीसह थोडी थोडी लघवी होणे. 'धुपणी' किंवा 'पांढरे जाते' म्हणजे श्वेतप्रदर. 'अंगावरून फार जाते' म्हणजे रजःस्राव अधिक. 'अंग बाहेर येते' म्हणजे योनिभ्रंश. 'धातू जातो' असे सांगणारा तरुण बहुधा भीतीने पछाडलेला असतो, पण क्वचित त्यामागे खरा संसर्गही असतो. हे शब्द ज्या विद्यार्थिनीस ठाऊक नाहीत, तिच्यासमोर रुग्ण बोलूनही मुका राहतो.

केवळ 'लघवी होते का?' हा प्रश्न अपुरा आहे. दिवसातून किती वेळा, रात्री किती वेळा उठावे लागते, सुरू होण्यास थांबावे लागते का, धार कशी आहे, झाल्यावर मोकळे वाटते का, खोकताना वा शिंकताना सांडते का, रंग कसा, रक्त दिसले का, ताप-थंडी आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारले पाहिजे. आमच्या त्या रुग्णास 'मोकळे वाटते का?' एवढे जरी विचारले असते, तरी निदान झाले असते. माधवनिदानावरील मधुकोश टीकेने मूत्रकृच्छ्र व मूत्राघात यांतील भेद नेमका दाखविला आहे : पहिल्यात कष्ट अधिक, अवरोध थोडा, दुसऱ्यात अवरोध बलवान, कष्ट थोडा. वृद्ध पुरुषात वेदना कमी आणि थेंब अविरत, हे मूत्राघाताचे चित्र होते. शास्त्र आमच्या कपाटात होते, खाटेजवळ नव्हते.

त्यानंतर मोजणे. प्रौढ रुग्णात ताशी प्रतिकिलो अर्धा मिलिलिटर हे मूत्राचे किमान प्रमाण मानतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचे तासाला ३० मिलिलिटर. चोवीस तासांत ४०० मिलिलिटरपेक्षा कमी झाले तर ती धोक्याची सूचना समजावी. 'चांगली झाली', 'बरी झाली' अशा नोंदींना काही अर्थ नाही. मापाचे भांडे आणि वेळ लिहिलेला तक्ता हवा. मग पाहणे : चेहऱ्यावर, पायांवर सूज, मूत्राचा रंग, गढूळपणा, वास. शेवटी स्पर्श : ओटीपोटावर हात ठेवणे, ठोकून पाहणे, पाठीच्या कोनात हलका आघात करून वेदना पाहणे. रिकामी बस्ती हाताला लागत नाही; ती लागली तर ती भरली आहे. एवढे शिकविण्यास यंत्र लागत नाही.

आणि नळी घातलेली असेल तर पहारा दुप्पट. रुग्णालयात नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचा धोका दर दिवसाला सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो, असे मानले जाते. म्हणून 'आज ही नळी खरोखर हवी आहे का?' हा प्रश्न परिचारिकेने रोज विचारावा, आणि तिने विचारल्याचा वैद्याने राग मानू नये. पिशवी बस्तीच्या पातळीखाली राहावी, जमिनीला टेकू नये; पुरुषात मागे सारलेली त्वचा पुन्हा पुढे आणावी, नाहीतर ती आवळून सूज येते. या बारीकसारीक गोष्टींतच उपचारज्ञता आणि शौच यांची कसोटी लागते.

न विचारल्याची किंमत

न विचारल्याने काय होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले; आणि त्यापूर्वी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया शेकडा आठांच्याही आत होत्या. दुखणे घरोघर होते. विचारणारे कोणी नव्हते. पुढे डॉ. राणी बंग यांनी 'कानोसा' या पुस्तकात ग्रामीण स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याविषयीच्या धारणा नोंदविल्या, हे आमच्या मते परिचर्या-शिक्षणासाठी मोलाचे काम आहे.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे गरिबी, मुकादमाची उचल, फडावर शौचालय व पाणी नसणे, अशी अनेक कारणे आहेत. परंतु पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीची प्रथम नीट विचारपूस आणि तपासणी झाली, तर ती थेट शस्त्रक्रियेच्या मेजावर पोहोचत नाही, हेही तितकेच खरे. ही पहिली विचारपूस करणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी परिचारिकाच असते.

खराडी ऊसफडापासून दूर आहे, असे कोणी म्हणेल. मुळा-मुठेच्या काठचे हे शेतकऱ्यांचे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले आणि पाहता पाहता संगणक कंपन्यांच्या उत्तुंग इमारतींनी भरून गेले. पण त्या इमारती बांधणाऱ्या मजूर स्त्रिया आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या तक्रारीही त्याच असतात. आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर लघवी रोखतात. रोखता यावी म्हणून पाणी पीत नाहीत. शेजारच्या वातानुकूलित इमारतीतील तरुणी कामाच्या बैठका संपेपर्यंत रोखून धरते. कारणे भिन्न, परिणाम एकच. चरकाने न वेगान्धारणीय अध्यायात मूत्रवेग रोखल्याने बस्तीशूल, मूत्रकृच्छ्र, डोकेदुखी आणि जांघेत ताण होतो असे सांगितले. ते वाचावयास आम्हांला दूर जावे लागत नाही, सायंकाळच्या रांगेत ते रोज बसलेले असते. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मोफत व स्वच्छ मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली, ती याच दुःखातून. 'कामाच्या जागी जायची सोय आहे का?' हा प्रश्नही म्हणून परीक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

लाज आणि मर्यादा

या विषयाच्या शिक्षणात लाज हा मोठा अडथळा आहे. ती रुग्णाला वाटते, आणि अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीलाही वाटते. तिची टवाळी करू नये. तिला रीत द्यावी. पडदा ओढणे, काय करणार आहोत ते आधी सांगणे, संमती विचारणे, आवश्यक तेवढाच भाग उघडा करणे, पुरुष विद्यार्थी असेल तर स्त्री-सहकारी सोबत ठेवणे, नातेवाइकांना बाहेर पाठवून प्रश्न विचारणे, या रीतीने लाज राखूनही तपासणी होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि त्या संस्थेने हिंदू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणारी स्त्री समाजाला सहन होत नव्हती. त्या स्त्रियांनी तो विरोध सोसला. आज आपण त्यांच्या वारसदारांना नुसती नावे पाठ करावयास लावून तो वारसा वाया घालवू नये.

वैद्यांचा अधिकार कोणता?

'परिचर्येला तिची स्वतंत्र परिषद आहे, अभ्यासक्रम आहे. वैद्यांनी त्यात पडण्याचे कारण काय?' असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०२१ पासून लागू झालेल्या परिचर्या पदवीच्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात आरोग्य-परीक्षणाला जागा आहे. आम्हांस त्यावर अधिकार गाजवावयाचा नाही. परंतु १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेद आणि परिचर्या दोन्ही विद्याशाखा एकत्र नांदतात. मग शेजाऱ्यांनी एकमेकांकडून शिकू नये काय? आमच्या प्रसंगात शिकविणाऱ्या सिस्टर होत्या आणि शिकणारे आम्ही होतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आपल्या संघटनेच्या शाखांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवतो. आपल्या दवाखान्यात प्रशिक्षित परिचारिकाच नेमावी. ते अशक्य असेल तेथे असलेल्या मदतनीस मुलीस परिचर्येच्या शिक्षणाला पाठवावे आणि तोवर तिला 'सिस्टर' म्हणवून घेऊ नये. प्रत्येक रुग्णालयात मापाचे भांडे व आवक-जावक तक्ता असावा. शाखांनी वर्षातून एकदा अनुभवी परिचारिकांना बोलावून ओटीपोटाच्या परीक्षणाचे प्रात्यक्षिक घ्यावे, आणि त्यात विद्यार्थिनींसोबत वैद्यांनीही बसावे. उत्तरबस्ती करणाऱ्या वैद्याने तर हे प्रात्यक्षिक चुकवूच नये. आपापल्या भागातील रुग्ण या दुखण्यांसाठी कोणते शब्द वापरतात, त्यांची यादी करून परिचर्या महाविद्यालयांना द्यावी. विदर्भातील शब्द वेगळे असतील, कोकणातील वेगळे.

ते गृहस्थ मध्यंतरी तपासणीसाठी आले होते. त्या विद्यार्थिनीने त्यांना विचारले, "आजोबा, लघवी झाल्यावर मोकळं वाटतं का?" ते हसले व म्हणाले, "आता वाटतं, पोरी." तिने तक्त्यावर वेळ आणि माप लिहिले, आणि मग ओटीपोटावर हात ठेवून पाहिला. आम्हीही पाहिला.